यंत्राची खुंटी आणि अंगाचा सूर

बैठकीला गवई येऊन बसला की पहिली दहा-पंधरा मिनिटे गाणे होत नाही. तंबोरे जुळत असतात. खुंटी पिळायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा खुंटी पिळायची, मग मणी केसभर खाली-वर करायचा. नवखा श्रोता घड्याळाकडे पाहू लागतो. जाणता श्रोता निवांत असतो. पुढल्या दोन तासांचे भवितव्य या दहा मिनिटांत ठरते आहे हे त्याला ठाऊक असते. तंबोरा कितीही उंची असो, मिरजेच्या नामांकित कारागिराच्या हातचा असो, त्याला स्वतःचा असा सूर नसतो. गाणाऱ्याचा जो सूर तोच तंबोऱ्याचा सूर. पुरुषाचा सूर काळी एकच्या आसपास, बाईचा काळी चारच्या आसपास. म्हणून पुरुषी तंबोरा मोठ्या भोपळ्याचा आणि बायकी तंबोरा लहान. पुरुषी तंबोऱ्याची तार ओढून बायकी सुरात नेली तर ती तुटते. बायकी तंबोऱ्याची तार सैल सोडून काळी एकवर आणली तर ती नुसती फडफडते.

गाण्याच्या वर्गात ही गोष्ट मी गेली वीस-बावीस वर्षे सांगत आलो आहे. परंतु तीच गोष्ट व्यायामाच्या एका परदेशी यंत्राला तंतोतंत लागू पडते, हे मला आमच्या समा भागातल्या एका लहानशा स्टुडिओत कळले. यंत्राचे नाव रिफॉर्मर. पिलाटीज या व्यायामपद्धतीतले हे प्रमुख साधन. हल्ली आपल्या शहरात त्याचे वर्ग निघाले आहेत आणि वाचकांपैकी कित्येकांच्या लेकीसुना, क्वचित स्वतः वाचकही, तिथे जात असतील. हे यंत्र ज्याच्या त्याच्या अंगाला जुळवून घ्यावे लागते, न जुळवता वापरले तर गुणाऐवजी अपाय होतो, आणि ही साधी गोष्ट पुष्कळांना कोणी सांगतच नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

उष्टे ताट

प्रथम मी तिथे कसा गेलो ते सांगतो. माझे वडील, संस्थान विलीन होण्यापूर्वीच्या अखेरच्या वर्षांत, अगदी कोवळ्या वयात दरबारच्या कलावंत कारखान्यात चाकरीला लागले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, आणि दरबारची ती चाकरी सरली. पण हाताची सवय सुटली नाही. कोवळ्या वयात त्यांच्याकडे मुख्य काम होते ते तंबोरे जुळवून ठेवण्याचे. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, पण दरबारची शिस्त घरात पाहिली. गवयापुढे दुसऱ्याच्या सुरात लावलेला तंबोरा ठेवणे म्हणजे पाहुण्याला उष्ट्या ताटावर बसवणे, असे ते म्हणत.

त्यांच्याकडून आलेल्या या व्यवसायात दिवसाचे पाच-सहा तास मांडी घालून बसावे लागते. चाळिशी उलटली आणि कंबरेने तक्रार सुरू केली. उजव्या मांडीपासून पोटरीपर्यंत कळ जाऊ लागली. डॉक्टरांनी औषध दिले आणि सांगितले, की यापुढे खुर्चीवर बसून शिकवा. खुर्चीवर बसण्यात कमीपणा काहीच नाही. पण तंबोरा मांडीशी उभा धरायचा, श्वास बेंबीपासून उचलायचा आणि समोरच्या मुलाच्या डोळ्याला डोळा द्यायचा, ही सारी रचना जमिनीवर बसलेल्या माणसासाठी झालेली आहे. शिक्षक खुर्चीवर आणि शिष्य सतरंजीवर, असे चार महिने शिकवून पाहिले. मुले शिकत होती. मला मात्र आपण दुसऱ्याच्याच वर्गात आगंतुक म्हणून बसलो आहोत असे वाटे. मांडी परत मिळवायची होती. मग एका फिजिओथेरपिस्ट बाईंचे नाव कोणी सुचवले. त्यांचा स्टुडिओ समातच, दुकानांच्या वरच्या मजल्यावर.

समा हे एके काळी शहराबाहेरचे गाव. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या वाड्यांतली मराठी कुटुंबे जागा अपुरी पडू लागली तशी नव्या वसाहतींत पांगली. त्यांतली काही समाच्या सोसायट्यांत येऊन स्थिरावली. आमचे बिऱ्हाड त्यांतलेच. पालिकेचे बंदिस्त क्रीडासंकुल इथे आहे. बडोद्याच्या जुन्या वस्तीत तालमी होत्या. नव्या वस्तीत जिम आहेत. व्यायामाचे वेड या शहराला नवे नाही. त्याविषयी पुढे येईलच.

खाट, स्प्रिंगा आणि दोर

ज्यांनी रिफॉर्मर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन. लांबून पाहिले तर ती एक अरुंद खाट वाटते. लांबी सुमारे आठ फूट. खाटेच्या चौकटीत दोन रुळांवर चाकांनी सरकणारा, गादी मढवलेला एक पाट असतो. त्या पाटावर माणसाने उताणे निजायचे. डोक्याला एक टेक आणि खांद्यांना अडवणाऱ्या दोन लहान गाद्या. पायांकडे एक आडवी दांडी. तिच्यावर टाचा किंवा चवडे ठेवून ढकलले की पाट मागे सरकतो. पाटाच्या खाली चार किंवा पाच स्प्रिंगा; त्या पाटाला दांडीकडे खेचून धरतात. डोक्याच्या बाजूला दोन कप्प्या आणि त्यांवरून आलेले दोर. दोरांच्या टोकांना हाताचे किंवा पायाचे पट्टे. झाले एवढेच यंत्र. वीज नाही, मोटर नाही. जे काही चालते ते माणसाच्या जोरावर आणि स्प्रिंगांच्या ओढीवर.

आता यात हलवता येण्याजोगे काय काय आहे ते पाहा. पाट दांडीकडे येऊन जिथे थांबतो तो अटकाव मागेपुढे करता येतो. दांडी वर किंवा खाली घेता येते. स्प्रिंगांपैकी किती अडकवायच्या आणि कोणत्या, हे ठरवता येते. डोक्याची टेक सपाट ठेवता येते किंवा उचलता येते. दोर लांब-आखूड होतात. काही बनावटींत खांद्यांच्या गाद्याही सरकवता येतात. म्हणजे सहा खुंट्या झाल्या. तंबोऱ्याला चार तारांच्या चार. इथे दोन जास्तच.

पहिल्या दिवशी बाईंनी मला यंत्रावर निजवले आणि व्यायाम म्हणून काहीच करू दिले नाही. टाचा दांडीवर ठेवायला सांगून त्या नुसत्या बाजूला उभ्या राहून पाहत राहिल्या. मी ढकलू लागणार तोच म्हणाल्या, "मास्टरसाहेब, उतावळ ना करो." मग कंबरेखाली हात सरकवून पाहिला, दांडी एक खाच खाली घेतली, पुन्हा पाहिले. मला एकदम ओळखीचे वाटले. ही बाई सूर लावत होती.

चार माणसे, चार मांडण्या

आमच्या वेळेला चौघेजण असतात. यंत्रे सारखी, एकाच कारखान्यातली. माणसे मात्र चार तऱ्हांची. एक महाविद्यालयातला मुलगा, वेगवान गोलंदाज, उंची सहा फूट दोन इंच. एक भरतनाट्यम शिकणारी मुलगी, पाच फुटांनाही दोन इंच कमी. बाहत्तर वर्षांच्या एक काकू, दांडिया बाजारातून समात लेकाकडे राहायला आलेल्या. हाडे ठिसूळ झाली आहेत असे तपासणीत निघालेले. आणि चौथा मी.

गोलंदाजाचा अटकाव बाई दांडीपासून दोन खाचा दूर नेतात. तो जवळ ठेवला तर त्याचे गुडघे छातीशी येतात, माकडहाड गादीवरून उचलले जाते आणि कंबर गोल होते. त्या गोल कंबरेने जोर लावला की मणक्यांमधल्या चकत्यांवर नको तो दाब येतो. आणखी एक गंमत आहे. स्प्रिंग जितकी ताणावी तितकी ती अधिक जोराने ओढते, हे आपण शाळेत शिकलो. उंच माणसाचे पाय लांब, म्हणून तो पाट अधिक दूर ढकलतो. तेव्हा स्प्रिंगा तेवढ्याच असल्या तरी शेवटच्या टप्प्यात त्याच्या वाट्याला ओझे जास्त येते. तो पोरगा दर वेळी एक स्प्रिंग वाढवून मागतो आणि बाई दर वेळी नाही म्हणतात.

नाचणाऱ्या मुलीचे सारे उलटे. अटकाव दूर असला तर सुरुवातीलाच तिचे पाय जवळजवळ सरळ होतात आणि ढकलायला अंतरच उरत नाही. मग ती चवड्यांनी दांडी धरू पाहते. म्हणून तिचा अटकाव जवळ, दोर आखूड. शिवाय तिचे गुडघे मागे वळण्याइतके लवचिक आहेत. पाय ताणताना ते मागे अडकू नयेत म्हणून केसभर आधी थांब, असे तिला सांगावे लागते. ताठ माणसाला जे कमावायचे असते ते लवचिक माणसाला आवरायचे असते.

काकूंची मांडणी सर्वांत नाजूक. त्या पाटावर बसताना आणि उतरताना बाई जड स्प्रिंगा अडकवून ठेवतात, म्हणजे पाट जागचा हलत नाही. एकही स्प्रिंग न लावलेला पाट म्हणजे फरशीवर सांडलेले तेल. काकूंच्या पाठीला वयामुळे बाक आलेला. त्यांना सपाट निजवले तर हनुवटी वर जाऊन मान मागे मोडते. म्हणून त्यांच्या डोक्याची टेक उचललेली. आणि पुढे वाकण्याचे, पाठ गोल करून उठण्याचे सर्व प्रकार त्यांना वर्ज्य. ठिसूळ हाडांच्या माणसाचा मणका अशा वाकण्याने दबून मोडू शकतो. काकूंनी एकदा विचारले, "बाकीच्यांना देतेस, मला का गं नाही?" बाई म्हणाल्या, "काकी, तमारे माटे बीजो राग छे." काकू गाण्याच्या घरातल्या नव्हेत, पण उत्तर त्यांना पटले. कित्येक रागांना वर्ज्य स्वर असतो. तो गाळल्याने राग अपुरा होत नाही. तो गाळल्यानेच तो राग होतो.

माझी अडचण मांड्यांच्या मागच्या स्नायूंची. वर्षानुवर्षे एकाच बैठकीत बसल्याने ते आखडलेले. दांडी उंच असली तर पाय सरळ करताना ते स्नायू ओढ धरतात आणि ओटीपोटाचा भाग आपल्याबरोबर उचलून नेतात. म्हणून माझी दांडी खाली. टाचा आणि खांदे टेकवून कंबर उचलण्याचा प्रकार आला की मात्र बाई चारही यंत्रांवरून फिरून सर्वांच्या डोक्याच्या टेका सपाट करतात. त्या वेळी शरीराचा भार खांद्यांवर येतो. टेक उभी राहिली तर तो मानेवर जातो. इथे चारही जणांना एकच नियम. म्हणजे काय, तर काही सूर ज्याचे त्याचे आणि काही ताल सर्वांचे.

दर खेपेला जुळवण्यात पाच-सात मिनिटे जातात. बाई एका वहीत प्रत्येकाची मांडणी लिहून ठेवतात: अटकाव कितव्या खाचेवर, दांडी कुठे, स्प्रिंगा किती, टेक कशी. माझ्याही वहीत मुलांच्या नावापुढे त्यांचा सूर लिहिलेला असतो. आणि दोन्ही वह्यांत खाडाखोड पुष्कळ. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटला की कालचा सूर आज चालत नाही. तो खाली आणावा लागतो. शरीर सुटे होऊ लागले की तसेच. माझी दांडी सहा महिन्यांनी एक खाच वर गेली. जुळवणे हे एकदा करून संपणारे काम नाही.

कमी स्प्रिंग, जास्त कष्ट

नव्या माणसाचा हमखास गैरसमज असतो, की स्प्रिंगा जास्त तितका व्यायाम भारी. पायांनी ढकलण्याच्या प्रकारात ते बरेचसे खरे आहे. परंतु तळहात दांडीवर आणि पाय पाटावर असे अंग फळीसारखे ताठ धरून पाट मागे न्यायचा असतो, तेव्हा हिशेब उलटतो. जड स्प्रिंगा पाटाला धरून ठेवतात, म्हणजे माणसाला आधार देतात. हलकी एकच ठेवली तर पाट पायांखालून निसटू पाहतो आणि त्याला आवरायचे ते पोटाच्या आणि खांद्यांच्या बळावर. सहा फुटी गोलंदाज तिथे थरथरताना मी पाहिला आहे. आणि आमची पावणेपाच फुटांवरची नर्तिका त्याच एका स्प्रिंगवर शांतपणे मागेपुढे होते.

गाण्यात हेच आहे. श्रोत्यांना द्रुत अवघड वाटते. गाणाऱ्याला विचारा, तो सांगेल की परीक्षा विलंबितात. द्रुतात लय तुम्हाला वाहून नेते. विलंबितात दोन मात्रांमधल्या पोकळीत आधाराला काहीच नसते. स्वर स्वतःच धरून ठेवावा लागतो. तेव्हा स्प्रिंगा कमी मिळाल्या म्हणून कोणी हिरमुसू नये, आणि जास्त मिळाल्या म्हणून फुशारू नये. शिक्षिका आधार देते आहे की ओझे, हे प्रकाराप्रकाराने बदलते. स्प्रिंगांना रंग दिलेले असतात, परंतु एका कारखान्याचा लाल तो दुसऱ्याचा लाल असेलच असे नाही. दुसऱ्या ठिकाणी जाऊन "मला दोन लाल द्या" म्हणणे म्हणजे अनोळखी पेटीवर डोळे मिटून बोट ठेवण्यासारखे.

दोन माणसे, एकच साल

ही पद्धत काढणारे जोसेफ पिलाटीज हे १८८३ साली जर्मनीतल्या म्योन्शेनग्लाडबाख इथे जन्मले. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना छावणीत डांबण्यात आले. तिथे अंथरुणाला खिळलेल्या सोबत्यांसाठी त्यांनी खाटांच्या स्प्रिंगा वापरून व्यायामाची साधने केली आणि रिफॉर्मरची कल्पना त्यातून निघाली, असे सांगतात. १९२६च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले. तिथे नर्तक-नर्तिका दुखावलेले अंग घेऊन त्यांच्याकडे येऊ लागल्या. आपल्या पद्धतीला ते कंट्रॉलॉजी म्हणत. आडनाव तिला पुढे चिकटले. १९६७ साली ते वारले.

आता आपल्याकडे पाहा. त्याच १८८३ साली, बडोद्यापासून जवळच असलेल्या डभोईला, जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. तरुणपणी, १९०७ ते १९१०च्या काळात, त्यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ते ख्यात झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाच्या क्रिया क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासल्या. १९६६ साली ते वारले. दोघे एका सालचे, दोघांचे जाणे दीड वर्षाच्या आगेमागे. त्यांची भेट झाली होती असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. परंतु दोघांपुढचा प्रश्न एकच होता: निरोगी, बळकट माणसासाठी असलेला व्यायाम दुबळ्या, आजारी, वयस्क माणसाला कसा द्यावा? एकाने स्प्रिंग हाती घेतली, दुसऱ्याने प्रयोगशाळा उभारली.

आणि तालमीत तरी वेगळे काय होते? तालमीच्या कोपऱ्यात मुद्गलांच्या आणि जोड्यांच्या रांगा असत; पोराच्या हाती हलकी जोडी, गड्याच्या हाती जड. अनेक ठिकाणी लहान मुलांसाठी कमी घेराचा, ठेंगणा मलखांब वेगळा पुरलेला असे. जो खांब मांड्यांत नीट धरता येत नाही त्यावर मुलाला चढवून उपयोग काय? कोणती जोडी उचलायची हे पोर ठरवत नसे, वस्ताद ठरवी. जुन्या वस्तादांपैकी पुष्कळजण हाडवैद्यकही जाणत. हात कुठे निखळतो हे ठाऊक असलेला माणूसच तो हात किती ताणावा हे सांगू शकतो. समातल्या बाई फिजिओथेरपी शिकून या कामात आल्या, यात मला तीच परंपरा दिसते.

अंगाला साधन जुळवण्याची कला या काळात कोणी कळसाला नेली असेल तर ती पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी. ते मूळचे कर्नाटकातले. १९३७ साली शिकवायला पुण्यास आले आणि पुण्याचेच झाले. १९७५ साली त्यांची संस्था उभी राहिली. ज्याचा हात जमिनीला टेकत नाही त्याच्या हाताखाली लाकडी वीट, ज्याचा हात पायापर्यंत जात नाही त्याला पट्टा, ज्याला उलटे होणे झेपत नाही त्याला भिंतीचे दोर किंवा खुर्ची. आसन एकच, त्यापर्यंत पोचायच्या पायऱ्या ज्याच्या त्याच्या उंचीच्या. १९५२ साली जगद्विख्यात व्हायोलिनवादक यहूदी मेन्युहिन मुंबईत त्यांना भेटले आणि शिष्य झाले. दोन वर्षांनी मेन्युहिननी त्यांना एक घड्याळ भेट दिले. त्यावर, हे माझे सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक, अशा अर्थाची अक्षरे कोरलेली होती. अय्यंगारांनी त्यांना व्हायोलिनचा एक स्वरही शिकवला नव्हता. त्यांनी वादकाचे अंग जुळवून दिले होते. वाद्य जुळवता येणारे आम्ही पुष्कळ. वाजवणाराही जुळवावा लागतो हे त्या घड्याळाने सांगितले.

तीस मुले, तीस सूर

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रत्येकाला वेगळे जुळवायचे तर वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी काय करावे? आम्हा गाण्याच्या मास्तरांना हा प्रश्न जुना आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, बडोद्यात मौलाबक्षांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा निघाली. घराण्याच्या बंद दारामागचे गाणे वर्गात आले, सामान्य घरच्या मुलांना खुले झाले. तीच संस्था आज विद्यापीठातली परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे. पण वर्ग म्हटला की तीस मुले आली, आणि तीस मुले म्हणजे तीस सूर. पेटीवर एकच सूर धरावा लागतो. तो कोणाला उंच पडतो, कोणाला खोल. त्यावर उपाय म्हणजे मास्तराने पेटीमागे बसून न राहता वर्गात हिंडणे, ज्याचा गळा ताणला जातो आहे त्याला खालच्या सुरात वेगळे गाऊन घेणे. गायनशाळा बंद करणे हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

रिफॉर्मरचेही तसेच आहे. सामूहिक वर्ग वाईट नव्हेत. त्यांच्यामुळेच हे साधन चार लोकांच्या आवाक्यात येते. वाईट आहे ती घाई. माझी एक जुनी विद्यार्थिनी शहरातल्या एका मोठ्या वर्गात जाऊ लागली. एका तुकडीचे लोक उठले की दुसऱ्या तुकडीचे त्याच यंत्रांवर निजत. मधे कोणी अटकावाला, टेकेला हात लावत नसे. पंधरा दिवसांत तिची मान धरली. तिने व्यायाम सोडला आणि पिलाटीज आपल्याला मानवत नाही असे ठरवून टाकले. तिला पिलाटीज मानवले नाही असे मी म्हणणार नाही. तिला रोज दुसऱ्याच्या उष्ट्या ताटावर बसवले गेले. आता समातल्या बाईंकडे ती येऊ लागली आहे आणि खांद्यांच्या गाद्या आपल्या मापाच्या करून घेते.

तेव्हा जे कोणी या वाटेला जाणार असतील त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुने दुखणे, शस्त्रक्रिया, ठिसूळ हाडे, गर्भारपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि शिक्षकाला न विसरता सांगावे. यंत्रावर निजल्यावर आपणच आपली परीक्षा घ्यावी: टाचा दांडीवर असताना माकडहाड गादीला टेकलेले आहे ना, खांदे गाद्यांना नुसते लागलेले आहेत की दाबले जात आहेत, हनुवटी आढ्याकडे तर गेलेली नाही. यांपैकी काही चुकत असेल तर हात वर करून थांबवावे, लाजू नये. पहिल्याच दिवशी ज्याने आपल्याकडे निरखून पाहिले नाही त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नये. आणि स्प्रिंगांकडेही एक नजर टाकावी. वेटोळ्यांत कुठे फट पडलेली, हूक झिजलेला दिसला तर बोलावे. तार तुटायच्या आधी बदलायची असते. तुटल्यावर ती गवयाच्याच बोटाला लागते.

एवढे जुळवले म्हणजे सारे झाले असेही कोणी समजू नये. उत्तम जुळलेला तंबोरा पुढ्यात आहे म्हणून कोणी गवई झालेला नाही. रियाज उरतोच, आणि तो दुसरा कोणी करून देत नाही. पण न जुळलेल्या तंबोऱ्यावर केलेला रियाज गळा बिघडवतो, हेही तितकेच खरे. गेले आठ महिने मी आठवड्यातून तीनदा त्या खाटेवर घाम गाळतो आहे. दुखणे पार गेले असे म्हणण्याचे धाडस करत नाही. पाऊस पडला की पोटरी आठवण देते. परंतु संध्याकाळचा एक तासाचा वर्ग आता सतरंजीवर, मांडी घालून होतो, आणि दुसऱ्या वर्गाला खुर्ची घेतो. काकू गेल्या महिन्यात कोणाचा हात न धरता जिना उतरल्या. गोलंदाजाला अजून ती एक स्प्रिंग हवी आहे, आणि बाई अजून ती देत नाहीत.